ब्रेक लागला नाही

पहिल्यांदा भाऊजी गॅरेजवर आले तेव्हा त्यांची तक्रार साधी होती.

"पुढचा ब्रेक धरत नाही रे, पान्या. बघ जरा."

पाना म्हणजे गॅरेजवाला, भाऊजींचा धाकटा मेहुणा. लहानपणी उशाशी पाना घेऊन झोपायचा म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव पुढे गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं. भाऊजी त्याच्या ताईचे यजमान. एका लॅबसाठी दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचं त्यांचं काम. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर थंड डबा बांधलेला आणि तोंडात ठरलेला विनोद, "अख्खं शहर माझ्या पाठीशी आहे. कुणाचं रक्त गोड, कुणाचं पातळ, मला विचारा."

पान्यानं चाक उतरवलं. जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक, तारेवर चालणारा. आतले लायनर अजून बरे होते, तरी त्यानं नवे घातले. तार बदलली. एक फेरी मारून पाहिली. ब्रेक चांगला लागत होता. भाऊजी गाडी घेऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात परत दारात उभे.

"नाही रे. जीव खाऊन दाबावं लागतं. तू मला डिस्क ब्रेक बसवून दे."

"या गाडीला कंपनीनं डिस्क दिलीच नाही, भाऊजी."

"कंपनीनं मला तरी कुठे काय दिलंय? दुसऱ्या गाडीची बसव."

पान्याला असल्या कामाची आवड होती. पंक्चर आणि ऑइल बदलण्यात दिवस जायचे, त्यात हे म्हणजे हाताला चव आणणारं काम. भंगारवाल्याकडे हिंडून त्यानं त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं पुढचं चाक मिळवलं, डिस्कसकट. शॉकअपही त्याच गाडीचे घ्यावे लागले, कारण पॅड धरणारा कॅलिपर अडकवायला जुन्या शॉकअपवर जागाच नव्हती. चाक मधोमध बसेना, म्हणून लेथवाल्याकडून मधल्या फटीत बसणारी बुश कातून आणली. हँडलवर तेलाची छोटी टाकी बसवली, खालपर्यंत नळी ओढली, तेल भरलं आणि नळीतली हवा काढत बसला. लिव्हर दाबायचा, खालचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, मग लिव्हर सोडायचा. आत हवा राहिली तर लिव्हर लोण्यात गेल्यासारखा जातो आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. बुडबुडे थांबल्यावरही त्यानं खात्रीसाठी पुन्हा सगळं केलं. गिऱ्हाईक असतं तर एवढ्यावर थांबला असता. बहिणीचं कुंकू होतं, म्हणून आणखी एकदा केलं.

भाऊजी चक्कर मारून आले ते पोरासारखे हसत.

"दोन बोटांत थांबते रे! नुसती दोन बोटं!" त्यांनी पान्याच्या पाठीत थाप मारली. थाप डाव्या हाताची होती. पान्याला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

काही महिने बरे गेले. मग एका सकाळी भाऊजी पुन्हा आले. गाडी स्टँडवर लावायलाही त्यांना वेळ लागला.

"ब्रेक जड झालाय."

पान्यानं गाडी घेतली, कोपऱ्यापर्यंत पळवली आणि नेहमीच्या सवयीनं लिव्हर ओढला. गाडीनं नाक खाली घातलं आणि तो टाकीवरून पुढे फेकला जाता जाता वाचला. ब्रेक जड नव्हता. ब्रेक इतका तेज होता की अनोळखी माणसाला त्यानं पाडलं असतं.

तो गाडी हळूहळू ढकलत परत आला. भाऊजी बाकावर बसले होते. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा खोल गेली होती. मागे तिथे चांगला भरीव उंचवटा होता; याच हातानं भाऊजींनी लग्नात त्याला पंजा लढवून हरवलं होतं.

"भाऊजी, हात दाखवा बघू."

"तू गाडी बघ. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?"

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?" भाऊजी उठले. "ब्रेक हलका होतो का, तेवढं सांग. नसेल होत तर दुसरीकडे जातो."

"बघतो. गाडी राहू द्या इथे."

दुपारी पाना बहिणीच्या घरी गेला. ताई घरीच शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, बाजूला कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर भाऊजींचा निळा शर्ट. तिनं भावाचा चेहरा पाहिला आणि पायानं मशीन थांबवलं.

"ताई, भाऊजींचा हात—"

"माहीत आहे."

तिनं निळा शर्ट उचलून त्याच्यापुढे धरला. समोरून सगळी बटणं जागच्या जागी होती. तिनं पट्टी ओढली तशी ती एका झटक्यात टचटच उघडत गेली. आतून टिचबटणं लावली होती. वरची बटणं नुसतीच शोभेची, काजांवर शिवून टाकलेली.

"सगळे शर्ट असेच केलेत," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं, आजकाल अशी पद्धत आहे. ते हो म्हणाले. दोघांनाही माहीत आहे आणि दोघांनाही माहीत नाही, असं चाललंय."

"डॉक्टर?"

"दवाखान्यात तर रोजच जातात. दुसऱ्यांचं रक्त आणायला. स्वतःचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? ह्यांची तर मूठ मिटतच नाही रे आता."

"मग गाडी बंद कर. मी सांगतो त्यांना."

"थांब." ताई खालच्या आवाजात म्हणाली. "लॅबच्या मालकांशी बोललेय मी. आत टेबलावरचं काम देतो म्हणाले, तिथली बाई सोडून चाललीय. महिन्याभराची गोष्ट. टेबलाचं काम आलं की गाडी आपोआप सुटेल, त्यांचा मानही राहील. तोवर तू जमेल तेवढा हलका करून दे."

"आणि तोवर काही झालं तर?"

तिनं शर्टाची टिचबटणं एकेक करून पुन्हा लावली. मग म्हणाली, "घरात बसवला तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून मरेल, पान्या. मी ओळखते त्यांना."

पान्यानं नको म्हणायला हवं होतं. पण त्यानं आईनंतर हिच्याच हातचं खाल्लं होतं, आणि तिनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यानं तेलाच्या टाकीखालचं सिलिंडर बदलून लहान बोअरचं, म्हणजे आतून अरुंद, घातलं. त्यामुळे लिव्हर लांबपर्यंत दबतो, पण अगदी हलका होतो. लिव्हर हँडलच्या जवळ आणला. करंगळीनं दाबला तरी चाक जागच्या जागी थांबेल असा ब्रेक त्यानं तयार केला. असा ब्रेक त्यानं आयुष्यात केला नव्हता.

गाडी देताना तो एवढंच म्हणाला, "गर्दीत जाऊ नका. हळू चालवा."

"आता तू मला गाडी शिकवणार," भाऊजी म्हणाले आणि गेले.

महिना भरायच्या आतच घडलं. भर दुपारी, शाळेच्या लांब भिंतीजवळ. एक रंगारी खांद्यावर शिडी आणि हातात डबा घेऊन रस्ता ओलांडत होता. शिडीमुळे त्याला गाडी येत होती त्या बाजूचं दिसत नव्हतं. भाऊजींना मात्र तो चांगला लांबून दिसला होता. त्यांनी बोटं लिव्हरवर टाकली. बोटं लिव्हरवर होती, पण वळली नाहीत. मागच्या ब्रेकवर त्यांनी सगळा पाय दिला, मागचं चाक घसरलं आणि गाडी आडवी होऊन रंगाऱ्याच्या पायांत गेली. तो शिडीसकट डोक्यावर पडला. रस्ताभर पांढरा रंग झाला. धावत आलेल्या लोकांचे पाय त्यात बुडाले आणि किती तरी दिवस ती पावलं त्या रस्त्यावर उमटून राहिली.

रंगारी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

भाऊजींचा खांदा खरचटला होता, बाकी काही नाही. पोलिसांनी विचारलं, काय झालं? भाऊजी म्हणाले, "ब्रेक लागला नाही."

तेवढंच. पोलिसांनी गाडी पाहिली. पुढचं चाक दुसऱ्या गाडीचं, शॉकअप दुसऱ्या गाडीचे, ब्रेक भंगारातला. कुणी बसवला? नाव निघायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत पान्याच्या गॅरेजला सील लागलं. दुरुस्तीला आलेल्या गाड्या मालकांनी पोलिसांसमोरच ओढून नेल्या. त्यातला एकजण, ज्याची गाडी पाना वर्षानुवर्षं सांभाळत होता, जाताना आपला ब्रेक दोनदा दाबून बघून मग बसला.

पाना भाऊजींकडे गेला. ते खाटेवर पडले होते, तोंड भिंतीकडे.

"भाऊजी, ब्रेक लागला नाही, की लावता आला नाही?"

भाऊजी वळले नाहीत.

"माझ्यावर माणूस मारल्याचा ठपका येतोय."

"लागला नाही म्हटलं ना एकदा," भिंत बोलली. "यंत्र आहे. चुकतं."

ताई दारात उभी होती. पान्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली आणि आत जाऊन नळ सोडला. भांडी नव्हती घासायला. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

सील लागलेल्या शटरपाशी पाना रोज सकाळी जाऊन बसायचा. दुसरीकडे जायची सवय नव्हती. एके दिवशी एक बाई आली. अंगावर घरातली साडी, पायांत पुरुषी चपला, रंगाचे थेंब उडालेल्या.

"ब्रेक बसवणारा तूच का?"

"हो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. शिव्या देईल म्हणून पाना खाली मान घालून थांबला. पण तिचा आवाज चढलाच नाही.

"पाच-पाच मजल्यांवर दोरीला लटकून काम करायचा माणूस," ती म्हणाली. "मी रोज घाबरायची. तो म्हणायचा, वर कसली भीती, वर कुणी धक्का द्यायला येत नाही." मग सील लागलेल्या शटरकडे बघून, "तू कशाला हात लावलास रे त्या गाडीला?"

पान्याच्या ओठांवर सगळं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बहिणीच्या घरावरून जात होतं. तो गप्प बसला. बाई गेली.

तो थेट ताईकडे गेला. भाऊजी झोपले होते. त्यानं बाई काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं, सुई सुयांच्या उशीत खोचली आणि विचारलं, "गाडीची तपासणी कधी आहे?"

"उद्या. मला बोलावलंय. भाऊजींनाही."

"मी येते."

तपासणीचं मैदान म्हणजे एका सरकारी इमारतीमागची सिमेंटची जागा. कडेला अपघातातल्या गाड्या एकावर एक रचलेल्या. तपासणी अधिकारी मध्यम वयाचे, पोट सुटलेले, फार न बोलणारे. त्यांनी नळी पाहिली, तेलाची पातळी पाहिली, चाक हलवून पाहिलं. मग गाडीवर बसून मैदानाच्या टोकाला गेले आणि वेगात येऊन ब्रेक लावला. गाडी जमिनीत खिळा ठोकावा तशी उभी राहिली. त्यांनी पुन्हा फेरी मारली, पुन्हा तेच.

"परवानगीशिवाय बदल केलाय, त्याचा वेगळा गुन्हा होईल," ते पान्याला म्हणाले. "पण ब्रेक उत्तम आहे." मग भाऊजींकडे वळले. "तुम्ही म्हणता लागला नाही."

"आज लागला. त्या दिवशी नाही लागला," भाऊजी म्हणाले. उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला होता.

अधिकाऱ्यांनी पान्याला विचारलं, "असं होऊ शकतं? एकदा लागेल, एकदा नाही?"

नाही म्हटलं असतं तरी त्या क्षणी कुणी हरकत घेतली नसती. पाना म्हणाला, "नळीत हवा राहिली तर होऊ शकतं, साहेब. मी राहू दिली नव्हती. पण होऊ शकतं."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. ते आता लिहायला घेणार, तेवढ्यात ताई पुढे आली.

"साहेब, ह्यांना ब्रेक दाबायला सांगा."

"कशाला?"

"गाडी चालवायची नाही. नुसती उभी असताना. ह्यांनी दाबून धरायचा आणि तुम्ही ढकलायची."

"तू गप्प बस," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "घरी चल."

"दाबा ना," ताई म्हणाली. "एकदाच दाबा. गाडी हलली नाही तर मी सगळ्यांची माफी मागते."

अधिकारी एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाडी सरळ धरली आणि म्हणाले, "या."

भाऊजी आले. न येऊन चाललंच नसतं. सगळे बघत होते. त्यांनी हात खिशातून काढला, डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून लिव्हरवर ठेवली. सुगरणीनं करंज्या मांडाव्यात तशी जपून. पान्याला बघवेना, पण मानही वळवता येईना.

"धरलाय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"धरलाय."

अधिकाऱ्यांनी हळूच ढकललं. गाडी चालायला लागली. चाक सिमेंटवरून कसलाही आवाज न करता फिरत गेलं आणि भाऊजी गाडीबरोबर चालत राहिले, हात लिव्हरवर, दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ. त्यांनी डावा हात मदतीला आणला.

"दोन्ही नको," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

गाडी भिंतीपाशी जाऊन थांबली. भाऊजींनी हात काढला नाही. ताईनं जाऊन तो सोडवला. त्यांनी तिला झिडकारलं, पण त्या झिडकारण्यातही जोर उरला नव्हता.

भाऊजींना जबाब बदलावा लागला. गॅरेजचं सील निघालं, पान्याला बेकायदा बदलाबद्दल दंड झाला आणि गिऱ्हाइकं फार हळूहळू परतली. काही परतलीच नाहीत. भाऊजींवर खटला उभा राहिला, परवाना गेला. लॅबच्या मालकांनी टेबलाचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मज्जातंतूंचा आजार आहे, एका हातावर थांबणारा नाही, आणि थांबवणारं औषधही नाही. हे सांगत असताना भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांना नवीन काही कळलं नव्हतं.

एके संध्याकाळी ताई रंगाऱ्याच्या घरी गेली. पाना सोबत होता, पण तिनं त्याला दाराबाहेर थांबवलं. एका खोलीचं घर. त्याच्या भिंतींना कधी रंग लागलेला दिसत नव्हता. त्या बाईनं आधी हिला ओळखलं नाही. ताईनं उभ्या उभ्याच सांगितलं, "गाडी चालवणारे माझे यजमान. त्यांचा हात चालत नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना जाऊ दिलं."

बाहेर उभ्या पान्याला वाटलं, आता रडणं ऐकू येईल. किंवा ओरडणं.

"मग इथे कशाला आलीस?" आतून त्या बाईचा आवाज आला. "सांगून तुला हलकं वाटेल म्हणून?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"तुझा माणूस घरी आहे ना? जा मग. त्याच्याजवळ जा."

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "खरं बोलली ती." ती पुन्हा तिकडे गेली नाही.

डावा हात पावसाळ्याच्या आधी गेला. मग मान धरायला त्रास होऊ लागला. ताई मशीन खाटेजवळ आणून शिवायची. नवरा-बायको बोलायचे ते कामापुरतं. पाणी हवं का, कूस बदलू का. मैदानावरच्या त्या दिवसाबद्दल दोघंही चकार शब्द काढत नव्हते. पाना दर रविवारी यायचा आणि भाऊजींची दाढी करायचा. पहिल्या रविवारी भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते ते शेवटपर्यंत उघडले नव्हते. नंतर सवय झाली.

अशाच एका रविवारी ताई बाजारात गेली होती. पान्यानं साबण लावला, वस्तरा पुसला आणि गालावरून पहिला हात फिरवला. भाऊजींचे शब्द आता जड येत होते, ऐकायला कान जवळ न्यावा लागे.

"पान्या."

"हं."

"तिनं सांगितलं नसतं, तर मी तुलाच अडकवलं असतं."

"माहीत आहे मला."

"शेवटपर्यंत."

"माहीत आहे, भाऊजी."

पान्यानं वस्तरा पुसून दुसऱ्या गालाला लावला. मग भाऊजींनी विचारलं, "तरी येतोस?"

आपण का येतो, हे पान्यालाही नीट ठाऊक नव्हतं. बहिणीसाठी म्हणावं, तर ते अर्धंच खरं होतं. त्यानं डावा तळहात भाऊजींच्या मानेखाली सरकवला, डोकं जपून वर उचललं आणि हनुवटीखालचा भाग करायला घेतला. तिथली कातडी सैल झाली होती. कापू नये म्हणून तो फार सावकाश हात चालवत राहिला.